मागची बाजू

टॉवेल हातात आला की मी आधी उलटा करते.
पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, तुटका ताणा
मागंच दडून बसतात.
अक्कलकोट रोडला चेकिंगच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं झाली,
बोटांना डोळे फुटलेत.

म्हणून धुण्याआधी वेणूच्या खिशात
दोन रिकामे चकचकीत कागद सापडले
आणि एक न उघडलेली वडी,
तेव्हा पुढचं मी वाचलंच नाही.
डोंगर होता, डोंगरावर एक माणूस,
दंड फुगवलेला, घामाचा पत्ता नाही.
सोलापुरात काढलेला फोटो नव्हता एवढं नक्की.

मागं वळवली. अक्षर मुंगीएवढं.
चष्मा पदराला पुसला.

ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी,
हे मला साखर पेठेतल्या मेडिकलवाल्या इराबत्तीनं शिकवलेलं,
माझी साखर निघाली त्या वर्षी.
इथं पहिलं नाव खजुराचा पाक.
पुढच्या बाजूला लिहिलंय, साखर घातलेली नाही.
खरंच आहे बाई, साखर कुठं, पाक घातलाय.
दुसरं सोयाची पूड. तिसरं माल्टिटॉल,
ते काय असतं ते इराबत्तीलाच विचारायला हवं.
मग तेल, कोको,
मग नुसते आकडे, कैद्यांना असतात तसे.

आणि तो मोठ्ठा तेहतीस!
तेहतीस ग्रॅम प्रोटीन, पण शंभर ग्रॅमला.
वडी पंचेचाळीस ग्रॅमची.
बोटांवर हिशेब केला, पंधराला जरा कमीच.
किंमत नव्वद.

खळ दिलेल्या कापडासारखं हे.
हातात जड लागतं,
पहिल्या धुण्यात निम्मं वजन गटारात.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या काट्यावर ठेवली,
जिथं टॉवेलचा गोल तुकडा तोलतो तिथं.
चव्वेचाळीस.
एक ग्रॅम इकडंतिकडं टॉवेललाही चालतं.
खोटं कशाला बोलू.

नाईट संपवून वेणू सकाळी आला,
केसांत कापसाचे तंतू, डोळे लाल.
म्हटलं, काय बघून घेतलास बे हे?
तो हातपाय धूत म्हणाला,
अम्मा, रात्री तीनला माग थांबत नाहीत.
भाकरी मोडायला दोन हात लागतात.
ही एका हातानं खाता येते.

याच्यावर मी काय बोलणार.

सुरीनं एक कोपरा कापून खाल्ला.
गोड, मग खडूसारखं काहीतरी, मग परत गोड.
निळ्या पेन्सिलीनं कागदावर लिहिलं, सेकंड.
रिजेक्ट नाही लिहिलं.

वेणू हसला, उठला,
फडताळातली शेंगाचटणीची पिशवी आणली,
कोपऱ्यावरच्या बाईकडून दर रविवारी घेतो ती.
उलटी केली. सुलटी केली.
म्हणाला, हिला मागची बाजूच नाही की.
मीठ किती? तेल किती?
तुझं बीपी काय हवेनं वाढतं?

इतक्या वर्षांत माझा माल
घरात कुणी असा तपासला नव्हता.

मग मी बसले. चाळीस ग्रॅम शेंगदाणे, घरीच भाजलेले,
मूठभर फुटाणे, गुळाचा खडा एक.
दातानं फोडता येईल अशी पुडी बांधली,
एका हाताची.
मागच्या बाजूला सगळं लिहिलं, वजनाच्या क्रमानं.
गूळही लिहिला, लपवला नाही.

आज डबा परत आला.
तळाशी पुडीचा कागद, नीट घडी घातलेला,
त्यावर तेलकट बोटाचा ठसा
आणि माझ्याच पेन्सिलीनं:
शेंगदाणे अडतीस भरले.
सेकंड.